हातवाऱ्यांवर चालणारे घड्याळ

ऑटोमॅटिक घड्याळ म्हणजे बॅटरी नसलेले, रोज किल्ली द्यावी न लागणारे आणि मालकाच्या मनगटाच्या हालचालीवर स्वतःची स्प्रिंग गुंडाळून घेणारे यांत्रिक घड्याळ. मागचे झाकण उघडले की आत धातूची एक अर्धगोल चकती दिसते. ती बरोबर मध्यावर एका आसात अडकवलेली असते आणि तिचे बहुतेक वजन कडेला असते. तिला रोटर म्हणतात. रोटरला जगातली एकच गोष्ट कळते: आपली जड बाजू खाली ठेवायची. मनगट वळले की जड बाजू वर जाते, पुन्हा खाली घसरते, आणि या घसरण्यात जो थोडासा जोर निर्माण होतो त्यावर घड्याळाचा प्रपंच चालतो. गुरुत्वाकर्षण फुकट असते. मनगट मात्र ज्याचे त्याने हलवायचे असते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. रोटरला हालचाल हवी असते, काम नको असते. दिवसभर संगणकावर टंकलेखन करणाऱ्याची बोटे कितीही धावोत, त्याचे मनगट टेबलावर आडवे पडलेले असते. रोटर आडवा झाला की त्याला ‘खाली’ अशी दिशाच उरत नाही, आणि तो आहे तिथे स्वस्थ राहतो. संध्याकाळी माणूस दमून जातो आणि घड्याळ उपाशी राहते. याउलट त्याच कचेरीत, पलीकडच्या टेबलाशी खुर्चीत रेलून, देशाचे परराष्ट्र धोरण दोन्ही हातांनी समजावून सांगणारा सहकारी असतो. सकाळपासून त्याने एकही कागद हलवलेला नसतो, पण त्याचे घड्याळ दुपारच्या चहापर्यंत भरपेट जेवून बसलेले असते.

त्यातून बहुतेक लोक घड्याळ डाव्या हातात बांधतात, आणि माणसाची बरीचशी कामे उजव्या हाताच्या वाट्याला आलेली असतात. सही करणे, भात कालवणे, रिक्षाला हात करणे, दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारणे, यातले घड्याळाला काहीच मिळत नाही. तंबाखू मळणे हा तर या दृष्टीने अगदी वाया गेलेला व्यायाम. डावा तळवा ताटासारखा स्थिर, उजव्या हाताचा अंगठा एकटा राबतो. शेवटी चुना-धूळ उडवायला दोन चापट्या बसतात तेवढाच काय तो रोटरचा लाभ. मोबाइलने परिस्थिती आणखी बिघडवली. तो बहुधा डाव्या हातात धरलेला असतो आणि तासन् तास हलत नाही. आरतीच्या टाळ्या मात्र उत्तम. गणपतीच्या दहा दिवसांत पाच-सहा घरच्या आरत्या गाठणाऱ्या माणसाचे घड्याळ बंद पडण्याचे कारण नाही. पोळ्या लाटताना दोन्ही मनगटे चांगली चालतात, पण पीठ लागेल म्हणून तेवढ्या वेळापुरते घड्याळ काढून फ्रिजवर ठेवण्याची पद्धत आहे.

रोटर वेगाने फिरतो, पण त्याच्यात दम नसतो. स्प्रिंग गुंडाळायला सावकाश आणि जोराने फिरणारे चाक लागते. म्हणून दोघांच्या मध्ये लहानमोठ्या दात्यांची चाके बसवून वेग घटवतात आणि जोर वाढवतात. खरी अडचण दिशेची असते. माणूस हात एकाच दिशेने वळवत राहत नाही. वळवलेला परत आणतो. उजवीकडे मिळवलेले डावीकडे उलगडून गेले तर सगळाच व्यवहार आतबट्ट्याचा. त्यासाठी उलट फिरू न देणारी चाके आणि खिट्ट्या असतात. काही यंत्रे एकाच दिशेची फेरी कामी आणतात आणि दुसऱ्या दिशेला रोटर मोकळा सोडतात. १९७०च्या दशकात आलेले ‘व्हाल्जू ७७५०’ हे स्विस यंत्र या जातीचे. मोकळ्या दिशेला त्याचा जड रोटर असा गरगरतो की मनगटावर घड्याळ थरथरलेले जाणवते. मोटारसायकलची अशी थरथर कोणीही मेकॅनिककडे नेली असती. घड्याळांचे शौकीन तिला ‘स्वभाव’ म्हणतात आणि मित्राला मुद्दाम हातात देऊन अनुभवायला लावतात.

दोन्ही दिशांच्या फेऱ्या वसूल करणारी यंत्रे अधिक व्यवहारी. त्यांतली सर्वांत सुटसुटीत युक्ती सेको या जपानी कंपनीने १९५९ साली काढली. रोटरच्या आसाच्या मध्यापासून थोडी बाजूला बसवलेली एक दोन टोकांची पट्टी आणि तिच्यापुढे एक दातेरी चाक, एवढाच संसार. रोटर कुठेही वळो, पट्टीचे एक टोक चाकाला ढकलते किंवा दुसरे टोक ओढते, आणि चाक मात्र एकाच दिशेने पुढे सरकते. या पट्टीला ‘मॅजिक लिव्हर’ असे नाव देण्यात आले. ते जाहिरातीसाठी दिले असले तरी नावात अतिशयोक्ती कमी आहे.

जमवलेला जोर साठतो तो मुख्य स्प्रिंगमध्ये. ही साधारण एक-सव्वा फूट लांब आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी जाड पट्टी एका चपट्या डबीत गुंडाळून बसवलेली असते. साध्या किल्लीच्या घड्याळात पट्टीचे बाहेरचे टोक डबीला पक्के अडकवलेले असते. स्प्रिंग पूर्ण भरली की किल्ली फिरायची थांबते आणि शहाणा माणूसही थांबतो. ऑटोमॅटिक घड्याळात थांबायचे कोणी? मालक तर बोलतच असतो. म्हणून येथे टोक पक्के न करता त्याला एक जाडसर लगाम जोडतात आणि तो लगाम डबीच्या भिंतीला नुसता दाबून धरलेला असतो. स्प्रिंग पुरेशी आवळली की लगाम भिंतीवरून थोडा सटकतो आणि जादाचा जोर सोडून देतो. पंगतीत आग्रह वाढला की पानावर हात आडवा धरणाऱ्या पाहुण्याचे धोरण ते हेच. या सटकत्या स्प्रिंगचे पेटंट आद्रियाँ फिलिप यांनी १८६३ साली घेतले, म्हणजे ज्या मनगटी घड्याळांना तिची खरी गरज पडणार होती ती बाजारात येण्याच्या कितीतरी आधी. तेव्हा ‘जास्त हात हलवले तर स्प्रिंग तुटेल’ ही भीती निराधार आहे, आणि गप्प बसण्यासाठी तेवढे कारण पुरेसे नाही.

पुढचा भाग सर्व यांत्रिक घड्याळांत सारखाच. स्प्रिंग एकदम उलगडली तर दिवसभराचा वेळ काही सेकंदांत संपून जाईल. तसे होऊ नये म्हणून चाकांच्या ओळीच्या शेवटी एस्केपमेंट नावाचा पहारेकरी असतो. मागेपुढे झुलणारे बॅलन्स व्हील आणि त्याच्या इशाऱ्यावर एकेक दाता सोडणारा पॅलेट मिळून ती ताकद थेंबाथेंबाने खर्च करतात. आजच्या पुष्कळ घड्याळांत तासाला २८,८०० ठोके, म्हणजे सेकंदाला ८ आणि दिवसाला ६,९१,२०० ठोके पडतात. चाकांचे आस ज्या खोबणींत फिरतात त्या कृत्रिम माणकाच्या असतात, म्हणून तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ किंवा ‘२१ ज्वेल्स’ असे छापलेले असते. एके काळी घराघरांत या आकड्याचा सरळ अर्थ लावला जाई, आणि आजोबांच्या घड्याळात एकवीस रत्ने आहेत ही समजूत वाटण्या होईपर्यंत टिके. घड्याळजीकडे चौकशी केल्यावर रत्नांची किंमत समजे आणि वाटणी शांततेत पार पडे.

हे यंत्र मुळात मनगटासाठी जन्मले नाही. स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल गावचे घड्याळजी अब्राहम-लुई पेरले यांनी १७७०च्या दशकात खिशातले घड्याळ आपोआप गुंडाळले जाईल अशी रचना केली. मालक पंधरा मिनिटे पायी चालला की ते घड्याळ आठ दिवस चालते, असे जिनिव्हाच्या कला-संस्थेच्या १७७७ सालच्या अहवालात नोंदलेले आहे. मात्र आपण आज पाहतो तसा रोटर प्रथम कोणाचा, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. लिएजच्या युबेर सार्तों यांनी तशा यंत्राची आकृती १७७८ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली होती. वाद अजून मिटलेला नाही, आणि तो हातवारे करून घालण्याजोगा आहे.

खिशातल्या या घड्याळांचा खरा दोष यंत्रात नव्हता, गिऱ्हाइकात होता. अशी वस्तू परवडणारा माणूस घोडागाडीतून हिंडे; आणि जो रोज दहा मैल पायी चालून घड्याळ उत्तम भरू शकला असता त्याच्याकडे घड्याळ घ्यायला पैसे नसत. शिवाय खिशातली वस्तू पावलागणिक थोडी वरखाली होते, वळत नाही. पॅरिसच्या अब्राहम-लुई ब्रेगे यांनी प्लॅटिनमचे जड वजन बसवून हा दोष बराच कमी केला आणि आपली ‘पर्पेच्युएल’ घड्याळे राजदरबारी विकली. त्यांतले सर्वांत नामांकित म्हणजे १६० क्रमांकाचे. राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी ते १७८३ साली सांगितले गेले. वेळेची मर्यादा नाही, खर्चाची नाही. काम १८२७ साली पुरे झाले. राणीचा शिरच्छेद १७९३ साली झाला होता आणि स्वतः ब्रेगे १८२३ साली वारले होते. ज्या व्यक्तीच्या हालचालीवर ते घड्याळ चालायचे, तिची हालचाल थांबून तोवर ३४ वर्षे झाली होती. घड्याळाने स्वतः मात्र पुष्कळ हालचाल केली: १९८३ साली ते जेरुसलेमच्या संग्रहालयातून चोरीला गेले आणि सुमारे पाव शतकाने परत मिळाले.

पहिल्या महायुद्धानंतर घड्याळ खिशातून मनगटावर आले आणि शे-दीडशे वर्षांची जुनी कल्पना एकदम शहाणी ठरली. मनगट हा शरीराचा अत्यंत अस्वस्थ भाग आहे. जॉन हारवूड या इंग्रज घड्याळजीच्या लक्षात आले की दुरुस्तीला येणाऱ्या घड्याळांत धूळ आणि ओल शिरते ती बहुधा किल्लीच्या भोकातून. त्याने रोगाचे मूळच उपटायचे ठरवले: किल्लीच नको, म्हणजे भोक नको. मुले सी-सॉवर खेळताना पाहून त्याला झुलत्या वजनाची कल्पना सुचली असे सांगतात. १९२३ साली त्याने स्वित्झर्लंडमध्ये पेटंटचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षी ते मिळाले. त्याच्या घड्याळात वजन पूर्ण गोल फिरत नसे. थोडे झुलून दोन्ही बाजूंच्या छोट्या स्प्रिंगांवर आपटे, आणि ती ठोकर हाताला कळे. काटे लावायचे तर काचेभोवतीचे कडे फिरवायचे. किल्ली नसल्यामुळे एक नवीनच प्रश्न आला. घड्याळ थांबले तर त्याला चालू करण्याचा सभ्य मार्ग उरला नाही. ते हातात धरून हलवायचे, एवढेच. १९३१ साली जागतिक मंदीत हारवूडची कंपनी बुडाली.

त्याच सुमारास फ्रान्सच्या लेओं आतो यांच्या ‘रोल्स’ घड्याळात तर वजन वगैरे भानगडच ठेवली नव्हती. संपूर्ण यंत्रच आपल्या पेटीत रुळांवर पुढेमागे घसरे. कल्पनेचे कौतुक करावे आणि पुढे जावे.

१९३१ साली रोलेक्सने पूर्ण वर्तुळात फिरणारा रोटर मनगटी घड्याळात आणला आणि तीच रीत पुढे सर्वमान्य झाली. १९४८ साली एटर्ना कंपनीने रोटर पाच सूक्ष्म गोळ्यांच्या बेअरिंगवर बसवला. त्याला घर्षण कमी लागू लागले, आणि कंपनीला त्या पाच ठिपक्यांचा इतका अभिमान वाटला की तेच तिचे बोधचिन्ह झाले. रोटर जितका जड तितका चांगला, म्हणून कडेला टंगस्टनची मिश्रधातू वापरतात. महाग घड्याळांत सोन्याचा रोटर असतो आणि सोने जड असते हे त्याचे शास्त्रीय समर्थन दिले जाते. टंगस्टनची घनता सोन्याएवढीच आहे, हे त्याच माहितीपत्रकात सहसा छापत नाहीत.

उरले होते ते ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचसह चालणारे ऑटोमॅटिक. १९६९ साली झेनिथ, ह्यूअर-ब्राइटलिंग-हॅमिल्टन यांचा गट आणि सेको अशा तिघांनी ते जवळजवळ एकाच वेळी साधले, आणि पहिला मान कोणाचा यावर आजही भांडतात. भांडण ऐन रंगात असताना त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला सेकोने टोकियोत ‘ॲस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विकायला काढले. त्यात सेकंदाला हजारो वेळा कंप पावणारा स्फटिक आणि एक बॅटरी होती. ना रोटर, ना हातवारे. सुमारे दोनशे वर्षांच्या कारागिरीचा कळस आणि तिच्यावर पाणी पाडणारा शोध, दोन्ही एकाच वर्षात बसले.

भारतात मात्र ही बातमी सावकाश पोचली. एचएमटीचा बंगळूरचा घड्याळ-कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झाला होता आणि पुढची बरीच वर्षे देशाचे मनगट त्याच्याच ताब्यात होते. रोज सकाळी आंघोळीनंतर अंगठा आणि तर्जनी यांच्यात किल्ली धरून घड्याळ भरणे हे घरातल्या कर्त्या पुरुषाचे काम असे. मुलांना त्याला हात लावायची मुभा नसे. या पार्श्वभूमीवर एचएमटीचे ऑटोमॅटिक ‘कांचन’ मिळवणे म्हणजे वेगळीच गोष्ट. लग्नाच्या बोलण्यांत घड्याळाचा विषय निघाला की मुलाकडचे ‘साधे चालेल’ म्हणत, पण ते ज्या सुरात म्हणत त्यावरून मुलीकडच्यांना ऑटोमॅटिकच आणावे लागे. जावई मग किल्ली देण्याच्या त्रासातून सुटे, पण किल्ली देताना चारचौघांत घड्याळ दिसण्याची जी सोय होती तीही जाई. ती भरून काढायला तो मनगट दोनदा झटकून कानाशी नेई. यंत्राला त्याची गरज नव्हती, बघणाऱ्यांना होती.

पूर्ण भरलेले ऑटोमॅटिक घड्याळ हातातून काढून ठेवले तर साधारण ४० तास चालते. नव्या यंत्रांत ७० ते ८० तासही मिळतात. ४० तासांचा हिशेब नोकरदाराच्या आठवड्याशी फार वाईट जुळतो. शुक्रवारी संध्याकाळी सातला कचेरीतून आल्यावर काढलेले घड्याळ रविवारी सकाळी अकराला थांबते. सोमवारी सव्वानऊला ते घाईत हातावर चढते आणि अकरा वाजल्याचे सांगते, त्यामुळे मालकाच्या काळजात धस्स होते. मग तारीख लावावी लागते. तीही वाटेल तेव्हा नाही: बऱ्याच घड्याळांत रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारखेची चाके एकमेकांत गुंतलेली असतात, तेव्हा जबरदस्तीने तारीख ढकलली तर दाता तुटू शकतो. साध्या तारखेच्या घड्याळाला सगळे महिने ३१ दिवसांचे वाटतात, म्हणून वर्षातून पाच वेळा त्याला समजावून द्यावे लागते.

यावर उपाय म्हणून ‘वॉच वाइंडर’ निघाला. ही एक मखमली अस्तराची पेटी. तिच्यात विजेची मोटर आणि मोटरवर खोटे मनगट. घड्याळ त्यावर बांधले की पेटी त्याला दिवसाला साधारण ६५० ते ८०० फेऱ्या देते. रोज वीस-तीस वेळा किल्ली फिरवण्याचे कष्ट वाचावेत म्हणून शेकडो वर्षे डोके चालवून जे यंत्र तयार झाले, त्याला किल्ली द्यायला आता दुसरे यंत्र लागते आणि ते भिंतीतल्या प्लगवर चालते. पेटीच्या किमतीत एखादे चांगले क्वार्ट्झ घड्याळ येते, जे पेटीतल्या घड्याळापेक्षा अचूक असते. स्वित्झर्लंडच्या अधिकृत कसोटीत यांत्रिक घड्याळाला दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सूट आहे. साधे क्वार्ट्झ महिन्याला १५ सेकंदांत भागवते. अर्थात दिवसाला १० सेकंद म्हणजे ८६,४०० सेकंदांत १०, लाखात जेमतेम १२. दुसऱ्या कोणत्याही कामात माणसाने एवढा काटेकोरपणा दाखवला असता तर त्याचा सत्कार झाला असता.

मनगटाची हालचाल आणि क्वार्ट्झची अचूकता यांचा संसार मांडण्याचा प्रयत्नही झाला. सेकोने १९८८ साली आणलेल्या आणि पुढे ‘कायनेटिक’ या नावाने विकलेल्या घड्याळांत रोटर स्प्रिंग गुंडाळत नाही. तो चाकांमार्फत एका इवल्या जनित्राला मिनिटाला १ लाखापर्यंत फेऱ्या देतो, वीज साठवली जाते आणि तिच्यावर स्फटिक चालतो. बॅटरी बदलण्याची कटकट नाही हे त्याचे वैशिष्ट्य. सुरुवातीच्या घड्याळांतला वीज साठवणारा भाग काही वर्षांनी दमे आणि तो बदलावा लागे. तो बॅटरी नसून कपॅसिटर आहे एवढाच दिलासा. आताची स्मार्ट घड्याळे याच्या बरोबर उलट वागतात. ती मालकाच्या पावलांतून काही घेत नाहीत, फक्त मोजतात, कमी पडल्यास उठून चालायला सांगतात, आणि रात्री स्वतः चार्जरवर आडवी होतात.

ऑटोमॅटिक घड्याळाला दर पाचेक वर्षांनी साफसफाई आणि तेल लागते. तेल सुकले की रोटर आपले काम करत राहतो, पण मधली चाके ते पुढे पोचवत नाहीत. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून शंभराहून अधिक भाग सुटे करतो, धुतो, पुन्हा जुळवतो. शेवटची परीक्षा अशी की घड्याळ स्वतः भरते का ते पाहायचे. हे पाहायला ते हातात घालून हिंडायला हवे. पण घड्याळजीच्या धंद्यात हात हलू न देणे हेच कसब असते, आणि दिवसभर त्याच्या मनगटावर राहिलेले ऑटोमॅटिक रात्री बंद पडायचे. म्हणून मोठ्या दुकानांत दुरुस्त केलेली घड्याळे एका सावकाश फिरणाऱ्या चाकावर बांधून एक-दोन दिवस फिरवतात. या फिरवण्याचा आकार बिलात वेगळा लावत नाहीत.